सात वर्षं साइटवर काढली, तरी पुन्हा ‘शिकाऊ’?

प्रश्न : मी ३६ वर्षांची, बी.ई. सिव्हिल. पिंपरी-चिंचवडमध्ये सात वर्षं निवासी इमारतींच्या साइटवर काम केलं, त्यातली शेवटची तीन वर्षं महापालिकेचा परवाना घेऊन. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून लंडनमध्ये, हॅरोला राहते. मला इथे नोकरी करायची मुभा आहे. जवळच्या एका काउन्सिलमध्ये (इथली महापालिकाच म्हणा) बिल्डिंग कंट्रोलची, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे होतंय का ते तपासणाऱ्या विभागातली जागा निघाली आहे, पण ती शिकाऊ, म्हणजे ‘वर्ग १’ची. बरोबरची मुलं बावीस-तेवीस वर्षांची असतील. एक ऑनलाइन अकादमी अठराशे पौंडांत ‘इन्स्पेक्टर सर्टिफिकेट’ देते म्हणते. नवरा म्हणतो, क्वांटिटी सर्व्हेइंगमध्ये (बांधकामाच्या मोजमाप-खर्चाच्या हिशेबात) जा, पगार बरा आहे. शिवाय इथले नियम सारखे बदलतात, म्हणजे आज शिकलेलं उद्या वाया. पण खरं सांगू का, साइटवर चूक दिसली आणि ती तशीच प्लास्टरखाली गेली की मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘शिकाऊ’ हा शब्द तुम्हाला किती लागला आहे, ते कळतं. स्लॅब भरण्याआधी सळई मोजून, कव्हर ब्लॉक तपासून, ‘हे काढा आणि पुन्हा बांधा’ असं गुत्तेदाराला तोंडावर सांगणाऱ्या बाईला पुन्हा पहिलीच्या बाकावर बसायला सांगितलं तर वाईट वाटणारच. तरीही माझं मत सुरुवातीलाच सांगते : या जागेसाठी अर्ज करा. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण कारण पटलं नाही तर तुम्ही तिथे मन मारून जाल.

१४ जून २०१७ च्या पहाटे पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर जळला. २४ मजली इमारत, ७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. आता सिव्हिलवाल्याच्या नजरेने पाहा. आरसीसीचा सांगाडा शेवटपर्यंत उभा राहिला. माणसं गेली ती काही वर्षांपूर्वी नूतनीकरणात बाहेरून लावलेल्या आवरणामुळे. अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन भरलेलं होतं. खिडक्यांभोवतीच्या भागातून आग बाहेर पडली आणि त्या आवरणावर चढत गेली. आत धूर अडवायची दारं अनेक ठिकाणी धूर अडवू शकली नाहीत. त्या कामावर काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलची देखरेख होती, काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्रही दिलेलं होतं. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे एका वेळी शंभराहून अधिक कामं होती, हे पुढे चौकशीत आलं.

तुम्ही ज्या गोष्टीत तयार आहात, ती म्हणजे सांगाडा. तिथे घात झाला तो सांगाड्याच्या बाहेर. आपल्याकडे आगीचा भाग अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्यावर सोडून साइट इंजिनिअर मोकळा होतो. तुमच्या सात वर्षांत बाहेरच्या आवरणामागच्या पोकळीत आग अडवणारे पट्टे बसवलेत का, हे तुम्ही किती वेळा पाहिलं असेल? तिथल्या निरीक्षकाचं ते रोजचं काम आहे. तुमच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. फरक आहे तो कुठे बघायची सवय आहे यात, आणि ती सवय अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहूनच लागते.

ग्रेनफेलनंतर सरकारने इमारतींचे नियम तपासायला नेमलेल्या डेम ज्युडिथ हॅकिट यांचा अंतिम अहवाल मे २०१८ मध्ये आला आणि त्यातून २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा झाला. तोवर काउन्सिलच्या निरीक्षकाला व्यक्तिशः नोंदणी करण्याची कायद्याने सक्ती नव्हती. १९८४ च्या कायद्याने खासगी तपासनीसांनाही हे काम खुलं झालं होतं, तिथेही मान्यता मिळे ती ‘अॅप्रूव्ह्ड इन्स्पेक्टर’ म्हणून काम घेणाऱ्याला, हाताखालच्या प्रत्येक माणसाला नव्हे. आता निरीक्षकांच्या अधिकृत नोंदवहीत प्रत्येक माणसाचं नाव लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही नोंदवही उघडली आणि ६ एप्रिल २०२४ पासून नोंदणी बंधनकारक झाली. मूल्यमापन अर्धवट असलेल्यांना इंग्लंडमध्ये ६ जुलैपर्यंत सवलत द्यावी लागली, कारण वीस-वीस, तीस-तीस वर्षं काम केलेली माणसंही परीक्षेच्या रांगेत होती. काहींनी त्यापेक्षा निवृत्ती पत्करली. ताई, हे मुद्दाम सांगते आहे. या व्यवस्थेने फक्त परदेशातून आलेल्या बाईला शिकाऊ म्हटलेलं नाही. तिथेच केस पांढरे झालेल्यांनाही ‘दाखवा’ म्हटलं आहे.

वर्ग चार आहेत. वर्ग १ शिकाऊ, देखरेखीखाली काम करणारा. वर्ग २ निरीक्षक, पण कोणत्या प्रकारच्या आणि किती उंचीच्या इमारती पाहू शकतो हे त्याच्या नोंदणीतच लिहिलेलं. वर्ग ३ विशेष निरीक्षक. १८ मीटर किंवा सात मजल्यांपासून पुढच्या निवासी इमारती कायद्याने ‘जास्त जोखमीच्या’ ठरतात आणि त्यांचं काम या वर्गाकडे येतं. वर्ग ४ विभाग चालवणाऱ्या तांत्रिक व्यवस्थापकाचा. नोंदणी चार वर्षांची, नंतर नूतनीकरण. वर्ग २ पासून पुढे मान्यताप्राप्त संस्थेकडून क्षमतेचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, वर्ग १ ला ते लागत नाही. म्हणजे तुम्हाला दार उघडं आहे, आजच्या आज.

‘थेट वर्ग २ का नको?’ हे तुमच्या मनात असेल. प्रयत्न करायला हरकत नाही, पण मूल्यमापनात तिथल्या नियमांवरची पकड दाखवावी लागेल, आणि ती आयएस ४५६ (आपली काँक्रीटची मानक संहिता) पाठ असल्याने येत नाही. हॅरोतली घरं पाहा. विटांची दुहेरी भिंत, मध्ये पोकळी, लाकडी तुळया, छपराचे लाकडी ट्रस, उष्णता धरून ठेवणारे थर. भिंतीच्या आत दव साचून लाकूड कुजणं ही आपल्याकडे कोणी फारशी न केलेली काळजी तिथे रोजची आहे. याउलट भूकंपाचं जे गणित तुम्ही घोटून शिकलात, ते तिथल्या साध्या घरासाठी जवळपास लागतच नाही.

पण सगळंच परकं नाही. चिंचवडकडच्या काळ्या मातीत पाया खणताना तुम्ही काय काय पाहिलं असेल, ते आठवा. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगणं, जोत्याला तडे. लंडनची चिकणमातीही तशीच, पाण्याने फुगणारी आणि उन्हाने आकसणारी. जवळच्या मोठ्या झाडाची मुळं पाणी ओढतात, माती बसते, घर तडकतं. म्हणून झाडाजवळ पाया किती खोल न्यायचा यावर तिथे साइटवर रोज वाद होतात. चराच्या काठावर उभं राहून मातीचा रंग आणि ओल पाहून ‘अजून खाली जा’ म्हणण्याची नजर तुमच्यापाशी आधीच आहे. मुलाखतीत हे नक्की सांगा, उदाहरणासकट.

अठराशे पौंडांच्या अकादमीचं थोडक्यात : पैसे देऊ नका. कोणताही शिकवणीवर्ग नोंदवहीत नाव घालू शकत नाही. मूल्यमापन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्था मोजक्या आहेत, बिल्डिंग सेफ्टी रेग्युलेटर, म्हणजे तिथला इमारत सुरक्षेचा सरकारी नियामक, त्यांची नावं स्वतः जाहीर करतो. त्या यादीत नसलेलं ‘सर्टिफिकेट’ म्हणजे कागद. पदवीची तिथली पातळी दाखवायची असेल तर परदेशी पदव्यांची तुलना करणाऱ्या यूके एनिक या संस्थेकडून तुलनापत्र घ्या, तेवढं पुरे.

आता नियम बदलण्याबद्दल. मे १९६८ मध्ये पूर्व लंडनमधल्या रोनान पॉइंट या नव्या कोऱ्या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. एका ठिकाणी घात झाला म्हणून अख्खी इमारत पत्त्यांसारखी पडू नये, हा नियम त्यानंतर, १९७० मध्ये आला. तो आजही आहे. आगीचे, वाऱ्याचे, ओलाव्याचे नियमही असेच एकावर एक चढले आहेत. तपशील बदलतील, आकडे बदलतील, पण प्रत्येक नियमामागची घटना ज्याला माहीत आहे त्याचं शिकलेलं वाया जात नाही. एक लक्षात ठेवा, ही नोंदणी इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. यजमानांची बदली एडिनबरा-ग्लासगोला होण्याची शक्यता असेल तर स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी आहे, तिथे ही नोंदणी चालणार नाही. हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

यजमानांचा सल्ला चुकीचा नाही. घरात पैशांची ओढ असेल तर क्वांटिटी सर्व्हेइंग चांगलं क्षेत्र आहे आणि तुम्ही ते नीट कराल. पण पत्राच्या शेवटी तुम्ही झोपेबद्दल जे लिहिलंत, त्यावर माझा निर्णय झाला. आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा आलेला माणूस दहा मिनिटं पार्किंगमध्ये थांबला, गच्चीवर गेलाच नाही. अहवाल मात्र चाळीस पानांचा आला. खाली तळमजल्यावर राहणाऱ्या आजी अजून मला विचारतात, ‘पिलर बरे आहेत ना गं?’ मला त्यांना उत्तर देता येत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली, ते तुम्हालाही आठवत असेल. चूक झाकली गेली म्हणून ज्यांची झोप उडते अशी माणसं या कामाला हवी आहेत, तिथेही आणि इथेही.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही प्रश्न विचारा. माझ्यावर देखरेख कोण करणार आणि त्यांचा वर्ग कोणता? आठवड्यातून किती तपासण्या त्यांच्याबरोबर होतील? एका निरीक्षकाकडे सध्या किती कामं आहेत? (ग्रेनफेलचा शंभराचा आकडा आठवून विचारा.) वर्ग २ च्या मूल्यमापनाचा खर्च काउन्सिल देईल का, अभ्यासाला कामाच्या वेळेतून वेळ मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुसऱ्या काउन्सिलची जाहिरात पाहा. खासगी संस्था कदाचित पैसे जास्त देतील, पण पहिली दोन-तीन वर्षं मी तुम्हाला काउन्सिलच सुचवेन, कारण तिथे एकाच दिवसात मागच्या अंगणातली वाढीव खोली, दुकान आणि जुनं चर्च असं सगळं पाहायला मिळतं.

रुजू झालात की पहिल्या दिवसापासून वही ठेवा. काय पाहिलं, कोणत्या नियमाशी ताडून पाहिलं, काय सांगितलं, का सांगितलं, सोबत फोटो. मूल्यमापनाच्या वेळी हीच वही तुमच्या बाजूने बोलेल. आणि एकदम सगळे प्रकार मागू नका. आधी एका कुटुंबाच्या छोट्या घरांसाठी वर्ग २ घ्या, मग उंची वाढवत जा.

अर्जाच्या मुदतीला थोडेच दिवस असतील. चिंचवडला घरी फोन करून महापालिकेच्या परवान्याची प्रत आणि तिन्ही-चारी अनुभवपत्रं या आठवड्यात स्कॅन करून मागवा. एखाद्या पत्रात नुसतं ‘साइट इंजिनिअर म्हणून काम केले’ एवढंच असेल तर त्या साहेबांना विनंती करून इमारती किती मजली होत्या, कोणत्या टप्प्यांची तपासणी तुमच्याकडे होती, हे लिहून घ्या.