पुण्याच्या वित्त परिषदेला जाऊ की नको? – जा, पण ऑफिसचा एक कागद सोबत घेऊन जा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा झाल्या झाल्या उत्तर लिहायला बसलोय. थोडं लांबेल, पण विषय माझ्या जिवाचा आहे म्हणून सगळंच सांगतो.

तुम्ही लिहिलंय की जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत लेखापाल आहात, नोकरीला चौथं वर्ष आहे, पुण्यात सार्वजनिक वित्त आणि नेतृत्व या विषयावर दोन दिवसांची परिषद आहे आणि सीओ साहेब, म्हणजे तुमचे मुख्याधिकारी, म्हणताहेत तुम्हीच जा. तुम्हाला वाटतं नेतृत्व वगैरे मोठ्या साहेबांचा विषय, आपण बिलं तपासणारी माणसं तिथं काय करणार, त्यात सगळं इंग्रजीत चालेल, आणि वसुलीचे दिवस असताना टेबल कसं सोडायचं.

मी ३१ वर्षं लेखा शाखेत काढली, जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून लागलो, मग परीक्षा देऊन वित्त व लेखा सेवेत आलो, धुळे जळगाव नंदुरबार तिन्ही जिल्हे फिरलो. अशा परिषदांना पाच-सहा वेळा गेलो असेन. पहिल्या वेळेला मागच्या रांगेत बसलो, जेवण चांगलं होतं, बॅग आणि फोल्डर मिळालं, घरी आलो आणि सोमवारी टेबलावर तेच गठ्ठे. दोन दिवसांत काय ऐकलं ते महिन्याभरात पुसून गेलं. दुसऱ्या वेळेला निघायच्या आधी आमच्या तेव्हाच्या कॅफो साहेबांनी, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी, बोलावून एवढंच सांगितलं, भाऊ, जाताना ऑफिसचा एक न सुटलेला कागद घेऊन जा, आणि तो ज्याला कळेल असा एक माणूस शोधल्याशिवाय परत येऊ नको. तुम्हालाही माझं मुख्य सांगणं हेच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

मी नेलेला कागद होता एका योजनेच्या बँक खात्याचा ताळमेळ. कॅशबुकची शिल्लक एक, पासबुकाची दुसरी, आणि हा फरक चार वर्षांपासून दर वर्षी पुढे ओढत आणलेला, प्रत्येक जण येणार आणि मागच्याची सही बघून आपली करणार. चहाच्या वेळी दुसऱ्या राज्यातले एक लेखाधिकारी भेटले, त्यांना कागद दाखवला, त्यांनी दोन मिनिटं बघितला आणि विचारलं, खात्यावरचं व्याज कॅशबुकला कोणत्या पानावर घेता? ताई, आम्ही घेतच नव्हतो! बँक दर सहा महिन्यांनी व्याज टाकत होती आणि आमच्या कॅशबुकला त्याचा पत्ताच नाही. उरलेला फरक मुदत संपलेल्या चेकांचा निघाला, म्हणजे २०१२ पासून चेकची मुदत सहाची तीन महिने झाली, ज्यांनी चेक वटवलाच नाही त्यांचे चेक आम्ही कधी रद्द करून परत जमेला घेतलेच नाहीत. परत आल्यावर तीन आठवडे बसून खातं जुळवलं. हे ज्ञान कोणत्या भाषणातून मिळालं नाही, कागद खिशात होता म्हणून मिळालं.

तुम्ही काय न्यायचं? तुमच्या जागी मी असतो तर घरपट्टीच्या मागणी-वसुलीचा तक्ता नेला असता, मागच्या पाच वर्षांचा, थकबाकी वेगळी आणि चालू मागणी वेगळी. पंधराव्या वित्त आयोगाने (केंद्राच्या पैशाची वाटणी कशी करायची ते सुचवणारा आयोग) २०२१ ते २०२६ साठी स्थानिक संस्थांना ४ लाख ३६ हजार ३६१ कोटी ठेवले, पण ते पैसे असेच सोडले नाहीत. लेखे वेळेवर लोकांपुढे ऑनलाइन ठेवा ही अट सगळ्यांना, आणि शहरांसाठी वर घरपट्टीचे किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीइतकी तरी वाढवून दाखवा ही जास्तीची अट. म्हणजे तुमच्या टेबलावरचं रजिस्टर मागे पडलं तर त्याचा धक्का थेट गावाच्या पाण्याला आणि कचऱ्याच्या गाडीला, कारण त्या अनुदानातला मोठा हिस्सा बंधित आहे, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. आता २०२६ ते २०३१ साठी अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालचा सोळावा आयोग आहे, परिषदेत त्यावर बोलणारं कुणी ना कुणी नक्की असणार, तिथं बसाच. आपली वसुली अडकते कुठं, मागणीच चुकीची आहे का, पाडलेल्या घरांच्या नावावर अजून मागणी लागतेय का, कोर्टातली किती, सरकारी इमारतींची किती, हे फोडून न्या. अशी फोड केलेली चार ओळींची चिठ्ठी दाखवली की समोरचा माणूस लगेच आपल्या गावाचं सांगायला लागतो, भाषेची अडचण राहत नाही, आकडा आणि तक्ता सगळ्यांना वाचता येतो.

आता नेतृत्वाचं. हा साहेब लोकांचा विषय असं तुम्ही लिहिलंय, तिथं मला तुमच्याशी वाद घालायचाय.

एका परिषदेत इंग्लंडच्या नगरपालिकांवर एक सत्र होतं. तिकडं १९८८ च्या स्थानिक वित्त कायद्यात कलम ११४ आहे. कौन्सिलचा खर्च उत्पन्नाच्या बाहेर चालला असं दिसलं तर तिथल्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला तसा लेखी अहवाल द्यावाच लागतो, मर्जीचा प्रश्न नाही, आणि तो दिला की नवीन खर्च थांबतो, कायद्याने बंधनकारक सेवा तेवढ्या चालू राहतात. सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या भल्या मोठ्या शहराने अशी नोटीस काढली, स्त्री-पुरुष समान वेतनाची जुनी देणी हे त्यामागचं एक मोठं कारण. मी ते ऐकत होतो आणि मनात सारखं एकच येत होतं, तिकडं हिशोब ठेवणाऱ्या माणसाला थांबा म्हणायचं कायद्याने बांधून दिलंय, आपल्याकडं आपण ते टिपणीत लिहायलाही घाबरतो.

का घाबरतो तेही सांगतो. एका तालुक्याच्या ऑफिसात, नाव नको, ३१ मार्चच्या रात्री एका योजनेचे पैसे परत जाऊ नयेत म्हणून बिल काढून रक्कम बँकेत टाकून ठेवली गेली. काम सुरूच झालेलं नव्हतं. आमच्या एका सहकाऱ्याने तोंडी सांगितलं की साहेब हे बरोबर नाही, पण फाईलवर काही लिहिलं नाही, सही केली. पुढे साहेबांची बदली झाली, त्यांच्या नंतरच्यांचीही झाली, लेखापरीक्षणात परिच्छेद, म्हणजे लेखी आक्षेप, निघाला आणि तो निकाली निघेना. सहकारी रिटायर झाला तेव्हा ना-देय, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला, मिळेना, ग्रॅच्युइटी अडकली, पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. मी स्वतः त्याच्यासोबत जुने दस्त शोधत रेकॉर्ड रूममध्ये कितीतरी शनिवार-रविवार बसलोय. तोंडी बोललेलं कुठंच सापडत नाही ताई. त्या फाईलवर त्याच्या हातची दोन ओळींची टिपणी असती तर त्या माणसाचं म्हातारपण वेगळं गेलं असतं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कोणत्याही नवीन कामाची फाईल आली की टिपणीत तीन गोष्टी लिहायच्याच, तरतूद किती, आजपर्यंतचा खर्च किती, आणि आधीच्या कामांचं दायित्व, म्हणजे अजून द्यायची राहिलेली रक्कम, वजा जाता हातात खरं किती उरतं. राग नाही, उपदेश नाही, फक्त आकडे. आणि खाली 'निर्णयार्थ सादर'. साहेबांनी तरीही मंजूर केलं तर तो त्यांचा अधिकार, पण माहिती नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही. सुरुवातीला माझ्यावर चिडलेले अधिकारी पुढे मलाच विचारायला लागले की भाऊ, हे घ्यावं का यंदा. माझ्या मते लेखा शाखेचं नेतृत्व ते हेच, आणि त्याला खुर्ची मोठी लागत नाही.

आपल्या जळगावचंच बघा ना. जुन्या नगरपालिकेच्या काळात हुडकोचं (घरं आणि शहरी कामांना कर्ज देणारी केंद्र सरकारची कंपनी) कर्ज काढून योजना झाल्या, २००३ मध्ये महापालिका झाली आणि कर्जाचा बोजा महापालिकेच्या डोक्यावर आला, रस्ते गटारींच्या पैशातून हप्ते गेले, आणि त्यातल्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणाचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागायला २०१९ चा ऑगस्ट उजाडला. दुसरीकडं पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे, म्हणजे बाजारातून कर्ज उभारायचे कागद, काढले, ७.५९ टक्क्यांनी, पाणीपुरवठ्यासाठी. कर्ज दोन्हीकडं होतं. पण रोखे काढायचे तर आधी पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडायच्या ऐपतीचा दर्जा, लागतं, त्यासाठी लेखे वेळेवर आणि दुनोंदी पद्धतीने (प्रत्येक व्यवहार जमा-नावे दोन्हीकडं लिहून) पूर्ण लागतात, फेडीचा पैसा कुठून येणार ते आधी दाखवावं लागतं. परिषदेत रोख्यांवर सत्र असणारच, आपल्या छोट्या नगरपरिषदेला काय उपयोग म्हणून उठून जाऊ नका. रोखे आपण काढणार नाही, पण कर्ज देणारा माणूस आपल्या पुस्तकांत काय काय बघतो हे कळलं की आपलीच पुस्तकं वेगळ्या नजरेनं दिसायला लागतात.

आणि बोलायची वेळ आली तर गप्प बसू नका, शेवटच्या अर्ध्या तासात माईक फिरतो तेव्हा हात वर करा. मी एकदा पांझरा नदीवरच्या फड या सिंचन पद्धतीबद्दल बोललो होतो, मराठीतच बोललो. धुळे जिल्ह्यात तीनशेहून जास्त वर्षं चाललेली ही पद्धत, नदीवर बंधारा, त्यातून कालवा, खाली फड, म्हणजे शेतांचे गट. कोणत्या फडात कोणतं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पाणी कमी असेल तर यंदा किती फड भिजवायचे तेही मिळूनच. पण शेतकऱ्याने स्वतः उठून दार उघडायचं नाही, पाणी देणार तो पाटकरी, राखण करणार तो जागल्या, आणि हंगामाआधी कालव्याची साफसफाई सगळ्यांनी करायची. म्हणजे ठरवणारे वेगळे, वाटणारा वेगळा, लक्ष ठेवणारा वेगळा. आपण लेखा संहितेत जे शिकतो की खर्च मंजूर करणारा आणि पैसे देणारा एकच नको, ते आपल्या आजोबा-पणजोबांना बांधावर माहीत होतं. मी खाली बसलो आणि नंतर जेवताना तीन-चार जण माझ्याच टेबलावर येऊन बसले, त्यातल्या दोघांशी आजही फोन होतो, अडचण आली की आधी त्यांना विचारतो. खान्देशातून आलोय म्हणून अंग चोरायचं काही कारण नाही.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नका. पडद्यावरच्या स्लाइडचे फोटो काढा, न कळलेला शब्द वहीत लिहा, शेजारच्याला विचारा. बीम्स (राज्याची निधी वाटपाची संगणक प्रणाली), पीएफएमएस (केंद्राची तशीच प्रणाली), एसएनए (योजनेच्या निधीचं एकच मुख्य खातं) हे शब्द तर आपण रोजच वापरतो, निम्मी चर्चा त्यातच असते. उद्घाटनाच्या भाषणांत जीव अडकवू नका, तिथं उशिरा पोचलात तरी चालेल, पण लेखापरीक्षण आणि शहरांच्या उत्पन्नावरची सत्रं पहिल्या दोन रांगांत बसून ऐका.

जायच्या आधीचं थोडं. तोंडी परवानगीवर जाऊ नका, कार्यालयीन आदेश काढून घ्या, त्यात कर्तव्य कालावधी असा उल्लेख हवा आणि दोन दिवस तुमचा चार्ज कुणाकडं ते नावानिशी हवं. नोंदणीची फी नगरपरिषद भरणार असेल तर प्रशिक्षणाची तरतूद बजेटात आहे का ते बघा, नसेल तर सीओ साहेबांना आधीच सांगा, मागाहून दुसऱ्या हेडला टाकू नका. जेवण-राहणं फीमध्ये धरलेलं असेल तर प्रवास भत्त्याच्या बिलात तसं लिहा. वसुलीचं म्हणाल तर दोन दिवसांत काही बुडत नाही, वॉर्डनिहाय मोठ्या थकबाकीदारांची यादी काढून वसुलीवाल्या भावांच्या हातात देऊन जा.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत दोन पानांची टिपणी साहेबांना द्या, काय ऐकलं ते नाही, आपल्याकडं येत्या तीन महिन्यांत काय बदलता येईल ते, एकच गोष्ट असली तरी चालेल. मी व्याजाचं लिहून दिलं होतं, पुढच्या महिन्यात सगळ्या तालुक्यांना पत्र गेलं की योजनांच्या खात्यांवरचं व्याज कॅशबुकला घ्या आणि त्याची माहिती कळवा.

तक्ता तयार झाला की इथं टाका, आकडे नुसते, गावाचं नाव नको. निघायच्या आधी मी आणि इथले बाकीचे जुने लोक बघून घेऊ, थकबाकीची फोड कुठं चुकली असेल तर सांगू. आणि मागणी रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स न्या, मूळ रजिस्टर ऑफिसच्या बाहेर काढू नका.