सपोर्टची ऑफर नाकारण्याआधी

प्रिय मुली,

रात्री दीडला आलेला तुझा मेसेज सकाळी चहा बाजूला ठेवून दोनदा वाचला. सपोर्टची, म्हणजे चालत्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवायच्या नोकरीची ऑफर आलीय तुला. ‘काका, सपोर्टला गेले तर कायमची तिथेच अडकेन ना?’ हीच भीती मला २००२ मध्ये सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत वाटली होती. मी सपोर्टची ऑफर नाकारली आणि १४ महिने बसून काढले. डॉटकॉम, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा, कोसळल्यानंतरचे दिवस, फ्रेशरला कोणी विचारत नव्हतं, पण मला जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारा डेव्हलपरच व्हायचं होतं. बाबांनी एकदाही पैसे पाठवायचे थांबवले नाहीत. ते अजून सलतं.

शेवटी सहकारी बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सपोर्टलाच लागलो. एकदा शाखेतून फोन आला, एका शिक्षकांच्या बचत खात्यावर व्याज कमी पडलंय. रोजच्या शिलकेवर व्याज २०१० पासून मिळायला लागलं. त्याआधी १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. गुरुजींनी पैसे नेमके १० तारखेला भरलेले, आणि आमचा प्रोग्रॅम त्या दिवशीची दिवसअखेरची शिल्लक न धरता सकाळची धरत होता. पासबुक, डेटाबेसमधली टेबलं आणि कोड शेजारीशेजारी ठेवून तीन रात्री शोधत बसलो तेव्हा सापडलं. चूक एका ओळीची होती.

म्हणून म्हणतो, चालत्या सिस्टीमजवळ जा. तुझं कामांची यादी ठेवणारं टू-डू अ‍ॅप छान आहे, मी उघडून पाहिलं. पण ते तुझ्याशिवाय कोणी वापरत नाही. ते बिघडलं तर कोणाचे पैसे अडकत नाहीत. जिथे अडकतात तिथे जा. पदाचं नाव काय आहे ते नंतर बघू.

मला डेव्हलपमेंटला घ्यायला त्यांनी आणखी दोन वर्षं लावली, हेही सांगतो. तोवर माझ्या बॅचचे काहीजण टीम लीड झाले होते. दिवाळीला भेटलो की बोचायचं. तरीही त्या दोन वर्षांना मी वाया गेली म्हणणार नाही. दुसऱ्याचा कोड वाचायची सवय मला तिथेच लागली, आणि आजवर तिच्यावरच पोट भरलंय.

मात्र नुसतं फोन उचलून तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, पुढे ढकलायचं काम असेल तर जाऊ नकोस. ते सिस्टीमजवळ जाणं नव्हे. एचआरला नव्हे, ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांना विचार: लॉग, म्हणजे सिस्टीमने काय केलं त्याच्या नोंदी, बघायला मिळतील का? डेटाबेस निदान वाचता येईल का? कोड उघडून बघायची परवानगी आहे का? बॉण्ड किती वर्षांचा आणि रात्रपाळीनंतर घरी सोडायला गाडी आहे का, ते मात्र एचआरकडून लेखी घे. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही ताब्यात देऊ नकोस.

आणि मैत्रिणीने सुचवलेलं ते दोन वर्षांच्या अनुभवाचं खोटं पत्र! अगं, पीएफचा इतिहास तपासला की दोन मिनिटांत उघडं पडतं. पडलं नाही तरी नको. यावर मला पुन्हा विचारूही नकोस.

तिथे राहून जावा सुटेल म्हणतेस. सुटणार नाही. रोज एक तास दे, मी रविवारी तुझा कोड बघेन. पण चालत्या सिस्टीमजवळ जा, मुली. नुसतं बसून मी १४ महिने घालवले, तुझे मला चौदा दिवसही जाऊ द्यायचे नाहीत.

सोमवारी फोन कर त्यांना. काय म्हणाले ते रात्री दीडला कळवलंस तरी चालेल.

तुझा,
काका