माथेरानला बारा महिने राहायचं असेल तर

तुम्ही लिहिलंय की मिस्टर निवृत्त झालेत, तुमचं काम घरूनच चालतं, डिसेंबरात माथेरानला चार दिवस राहून आलात. आता डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन, सासूबाईंना घेऊन, तिकडेच बिऱ्हाड हलवावं का? मी बरीच वर्षं वर राहतेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिसेंबरातलं माथेरान बघून काहीही ठरवू नका. तेव्हा ते सगळ्यांनाच आवडतं.

घर बघायला याल तेव्हा खिडकीतून काय दिसतं हे नंतर बघा. आधी विचारा, वस्तू दारापर्यंत कशी येते? माथेरानात वाहनबंदी आहे, त्यामुळे नेरळहून टॅक्सी-टेम्पो घाट चढून गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत येतात आणि तिथे थांबतात. पुढे बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, बंगला आत असेल तर आणखी. तांदळाचं पोतं, सिमेंटची गोणी, गॅस सिलिंडर, सगळं घोड्याच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर. त्यामुळे मिठापासून विटेपर्यंत सगळ्यावर हमाली चढते. आमचा फ्रिज आला तेव्हा दुकानदाराने पावतीवर ‘मोफत घरपोच’ लिहिलं होतं, ते दस्तुरीपर्यंतच. तिथून चौघांनी तो हातगाडीवर उभा बांधून आणला. दगडात चाक अडलं की एक जण खाली वाकून ते हाताने फिरवायचा आणि दुसरा फ्रिजला मिठी मारून उभा राहायचा. फ्रिजला ओरखडा नाही, पण हमाली देताना माझा चेहरा बघण्यासारखा होता.

सासूबाईंचं जरा नीट बघा. माणसाने ओढायच्या रिक्षा, एक पुढे ओढणारा आणि दोघे मागून लोटणारे, सहा महिन्यांत बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. ते मला पटलंच, या काळात असलं काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. ई-रिक्षांची सुरुवात २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक म्हणून झाली. पण दस्तुरी ते बाजार सोडून आतल्या रस्त्याला आपलं घर असेल तर तिथवर काय येतं, ते स्वतः चालून बघा. गुडघे कुरकुरत असतील तर बाजाराजवळचंच घर घ्या, व्ह्यू गेला खड्ड्यात. गावात नगरपालिकेचा दवाखाना आहे, रुग्णवाहिकेला वाहनबंदीतून सूट आहे. पण हृदयाचा किंवा हाडांचा मोठा डॉक्टर गाठायचा तर घाट उतरावाच लागतो. त्यांना नियमित तपासण्या असतील तर मी नको म्हणेन.

आता पाऊस. नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असते, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल तेवढी चालते. २०१९ च्या पावसात रूळच वाहून गेले, तेव्हा नेरळची गाडी थेट ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. आम्ही मे संपायच्या आत आगोट भरतो: धान्य, कडधान्यं, कांदे, मेणबत्त्या, सुकी लाकडं. मग झाड पडून वीज गेली तरी पोटाची काळजी नसते. (तुमच्या ऑफिसला ही सबब किती वेळा चालेल, ते आधीच विचारून ठेवा.) धुक्याचं कौतुक आठवडाभर टिकतं. नंतर ते कपाटात शिरतं. चामड्याच्या पट्ट्याला बुरा येतो, मिठाला पाणी सुटतं, टॉवेल वाळतच नाहीत. शेगडीत निखारे करून वर दुरडी पालथी घालायची आणि तिच्यावर कपडे पसरायचे, हा आमचा ड्रायर. कपड्यांना धुराचा वास येतो. त्याची सवय होते.

माकडांबद्दल पाहुणे हसत बोलतात, आम्ही नाही. साधी कडी त्यांना उघडता येते. खिडक्यांना जाळी हवीच.

विकत घेण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. २००३ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, बांधकामावर कडक बंधनं आहेत, आणि सरकारी भाडेपट्ट्याच्या जागेवरचं घर असेल तर पट्ट्याची मुदत आणि शर्तभंग तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘काळजी करू नका, नंतर परवानगी मिळते’ म्हणणाऱ्या एजंटला तिथूनच नमस्कार करा.

मग मी का राहते? मंगळवारी सकाळी, शनिवार-रविवारची गर्दी उतरली की, रस्ता आमचा असतो. जांभळीवर शेकरू उड्या मारत असतं. पोरं शाळेत एकटी चालत जातात आणि कुणाची आई रस्त्याकडे डोळे लावून बसत नाही. दूधवाल्यापासून घोडेवाल्यापर्यंत सगळे नावाने ओळखतात. एक दिवस दिसला नाहीत तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारायला येतं. तुम्हाला हे आवडेल की चौकशा वाटतील, ते तुमचं तुम्हाला माहीत.

डोंबिवलीचा फ्लॅट लगेच भाड्याने देऊ नका. जून ते सप्टेंबर इथे भाड्याने राहा, तेव्हा घरमालकही घासाघीस करायला तयार असतात. घर ठरवताना तीन गोष्टी विचारा: छताचे पत्रे शेवटचे कधी बदलले, पाण्याची टाकी केवढी, आणि सिलिंडर दारात कोण आणून देतं.