मोटरच्या हातमोज्याआधी

बेळगाव

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा नीट वाचून काढला. लकवा झालेले तीस रुग्ण, बोटांची उघडझाप करून देणारा मोटरचा हातमोजा, चार आठवडे उपचार आणि आधी-नंतरचे फुगल-मायर गुण, म्हणजे हाताच्या हालचाली किती परतल्या त्याचं माप. विषय चांगला निवडलायस. आपल्याकडच्या रुग्णांना हाताचीच जास्त काळजी असते. चालायला लागलेला माणूससुद्धा ‘पाय आला, हात काय अजून येईना बघा’ म्हणत वर्षभर फेऱ्या मारतो. तरीही त्या हातमोज्याकडे वळण्याआधी तू एक दुसरं काम करावंस असं मला फार वाटतं. कुठलं ते सांगते, आणि का तेही.

यंत्रांचं आधी संपवू. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेली ‘रॅटल्स’ ही चाचणी २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. एका गटाला रोबोटवर सराव, दुसऱ्याला थेरपिस्टकडून रोजच्या कामांचा सराव, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. रोबोटच्या गटात तीन महिन्यांनी फुगल-मायरचे गुण थोडे वर गेले, पण हाताने करायच्या कामांत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस काही दिसलं नाही. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘लीप्स’ चाचणीचा निकाल आला होता. ४०८ रुग्ण. काहींना पट्ट्यांनी वजन तोलून ट्रेडमिलवर चालवलं, काहींना फिजिओने घरी जाऊन व्यायाम दिले. वर्षाअखेर दोन्हीकडचे सारखेच सुधारलेले. खानापूरच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या गावांतून दोन बसगाड्या बदलून येणाऱ्या रुग्णासाठी ही केवढी मोठी बातमी आहे, याचा विचार कर. घरात दिलेला व्यायाम म्हणजे गरिबाची तडजोड, ही समजूत डोक्यातून काढून टाक.

मग सुधारणा होते कशाने? सरावाने, असं आपण सगळेच म्हणतो. पण सराव होतो किती? कॅथरिन लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत तो शेजारी बसून मोजला. २००९ चा लेख आहे, मिळवून वाच. हातावर काम चाललेल्या सत्रांपैकी जेमतेम निम्म्यांत प्रत्यक्ष कामाच्या हालचाली करून घेतल्या गेल्या, आणि अशा हालचाली सत्राला सरासरी ३२ भरल्या. ज्या प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधाराने आपण ‘मेंदू नव्याने शिकतो’ असं नातेवाइकांना सांगतो, तिथे दिवसाला काही शे हालचाली करून घेतलेल्या असतात.

तर तुझं पहिलं काम हे. आपल्या ओपीडीत वही घेऊन बस आणि मोज.

कसं ते सांगते. रुग्ण व्हीलचेअरवरून कॉटवर येईपर्यंत काही वेळ जातो. मग रक्तदाब. मग विजेच्या स्टिम्युलेशनचे पॅड लावून रुग्ण छताकडे बघत पडलेला. मग फिजिओ खांदा, कोपर, मनगट हलवून देतो. ती हालचाल फिजिओची, रुग्णाची नव्हे. मग पेग-बोर्ड येतो. खुंटी उचलली, भोकात बसवली, झाली एक. दुसरी सुटून खाली पडली, ती मुलाने उचलून बसवली. तेवढ्यात दारात पुढचा रुग्ण ताटकळत असतो म्हणून सत्र आवरतं घेतात. यातली रुग्णाने स्वतः, काहीतरी साधायच्या हेतूने केलेली हालचाल तेवढीच वहीत धर. मुलाने बसवलेली खुंटी धरू नकोस. सरकारी दवाखान्यात, खाजगी रुग्णालयात, चिकोडी-अथणीच्या एखाद्या छोट्या क्लिनिकात, सगळीकडे एकाच पद्धतीने मोज. कुणाच्या कामात खोड काढायला आलेली नाहीस, हे आधी तिथल्या फिजिओंना बसून समजाव. एकेका दिवसात किती रुग्ण त्यांच्या हाताखालून जातात तेही लिहून घे, नाहीतर तुझा आकडा त्यांच्यावर अन्याय करील.

आकडा कमी आला म्हणून लगेच ‘वाढवा’ असा सल्लाही देऊ नकोस. लँगबाईंनीच पुढे, लकव्याला सहा महिने उलटून गेलेल्या ८५ जणांचे चार गट करून ३२००, ६४००, ९६०० आणि जमतील तितक्या अशा हालचाली करून घेतल्या. २०१६ मध्ये निकाल आला: जास्त केल्याने जास्त फायदा झाला असं दिसलं नाही. त्याच प्रकल्पात रुग्णांच्या मनगटांवर हालचाल टिपणारे सेन्सर बांधले होते. केंद्रात परीक्षा घेतली की हाताचे गुण वाढलेले, घरी मात्र हाताचा वापर होता तेवढाच. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या खटाटोपातली हीच सर्वांत मोलाची गोष्ट. हाताला काय जमतं आणि माणूस हाताने काय करतो, ही दोन वेगळी मापं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणातही ती वेगळी ठेवलेली आहेत. तुझ्या आराखड्यात फक्त पहिलं आहे.

निपाणीकडची विड्या वळणारी एक बाई माझ्याकडे येत असे. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. मूठ छान वळायला लागली होती, गुण बघून कुणीही खूश झालं असतं. ‘विडी वळून बघितली काय?’ म्हटलं की गप्प बसायची. एकदा सुनेला सूप, भिजवलेली पानं आणि दोरा घेऊन यायला सांगितलं, तंबाखू मात्र नको म्हटलं. बाईने पान मांडीवरच्या सुपात ठेवलं, दोन्ही हातांत घेऊन गुंडाळायला सुरुवात केली. अर्ध्यावर ते उलगडलं. पुन्हा धरलं. दोऱ्याचं एक टोक दातात घेऊन वेढा दिला, तो बसला. मग तोंड मुडपायची वेळ आली, आणि उजव्या अंगठ्याचा दाब काही केल्या पानाच्या कडेवर येईना. तिची सगळी मजुरी त्या एका दाबावर अडलेली होती. आपल्या कुठल्याही तक्त्यात त्याला वेगळी जागा नाही. तिथून पुढचे उपचार आम्ही त्या दाबावरच रचले, कागदाच्या पट्ट्या वळवून घेत. सून मात्र हळूच म्हणाली, ‘घरात आम्हीच सगळं करतोय की त्यांचं. त्यांना कशाला आणि तरास?’

हे वाक्य तुला घराघरांत ऐकू येईल, आणि ते मायेनेच म्हटलेलं असतं. एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या कामातून हेच दाखवलं होतं की, हात न वापरण्याची सवयच जडते आणि मग थोडीफार ताकद परत आली तरी हात पडूनच राहतो. त्यातूनच चांगला हात बांधून दुबळ्या हाताला कामाला लावायची पद्धत आली. २००६ च्या ‘एक्साइट’ चाचणीत २२२ रुग्णांवर ती पारखली गेली, लकव्यानंतर तीन ते नऊ महिन्यांच्या काळात, आणि वर्षभर टिकणारा फायदा दिसला. पण मनगट आणि बोटं थोडी तरी मागे उचलता येणारेच रुग्ण त्यात घेतले होते, हे विसरू नकोस. शिवाय उजवा हात अधू असलेल्या सासऱ्याचा डावा हात बांधून ‘जेवा आता’ म्हणणं आपल्या घरांत सोपं नाही. जेवणाच्या पंगतीतला संकोच हासुद्धा तुझ्या अभ्यासाचा भाग आहे. तो नोंदव.

घरचा वापर मोजायला ‘मोटर ॲक्टिव्हिटी लॉग’ ही प्रश्नावली आहे. तिच्यात विजेचं बटण, ड्रॉवर, फ्रीजचं दार असे प्रश्न येतात. आपल्याकडे विचारायचं ते असं: भाकरी मोडता काय? पदर खोचता काय? कळशीला हात लावता काय? मुंडासं बांधता काय? जमिनीवरून उठताना तो हात टेकता काय? हे प्रश्न मनाने बदलून मोकळी होऊ नकोस. बदललेली प्रश्नावली पुन्हा तपासून घ्यावी लागते, दोन वेळा विचारल्यावर उत्तर तेच येतं का हे बघावं लागतं. एवढं एकच काम नीट केलंस तरी तो पुरेसा प्रबंध आहे. मला तर तोच हवा आहे. रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकाचंही तसंच आहे. १०० पैकी १०० मिळवलेला माणूस जमिनीवर बसून उठू शकेलच असं नाही, कारण तो प्रश्न त्यात नाहीच.

आता मूळ आराखड्यातली जी गोष्ट मला सर्वांत खटकली ती सांगते. तुलनेचा गट नाही. लकव्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत बरीचशी सुधारणा आपसूक होत असते. तिसऱ्या आठवड्यात रुग्ण घेतलास आणि सातव्यात मोजलंस तर हातमोजा घातला काय, न घातला काय, गुण वाढणारच. ‘आधी-नंतर’चा फरक दाखवून उपचाराला श्रेय देणारे प्रबंध आपल्या कपाटांत खूप पडले आहेत. त्यात भर नको. आणि रुग्ण घेताना लकव्यानंतरच्या पहिल्या ७२ तासांतल्या दोन गोष्टी बघून ठेव: बोटं सरळ करता येतात का आणि खांदा बाजूला उचलता येतो का. नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात ज्यांना या दोन्ही हालचाली थोड्याफार जमत होत्या, त्यांच्या हाताला सहा महिन्यांनी काहीतरी कौशल्य येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही नसतील तर २५ टक्के. या दोन प्रकारांचे रुग्ण एकाच सरासरीत मिसळलेस तर हाती काहीच लागणार नाही.

मोठ्या चाचण्यांनी आपल्या खात्रीच्या समजुतीही मोडल्या आहेत. ‘जितकं लवकर उठवाल तितकं बरं’ असं सगळे मानत. ‘ॲव्हर्ट’ चाचणीत २१०४ रुग्ण होते. २४ तासांच्या आत वारंवार उठवून चालवलेल्या गटाचे हाल तीन महिन्यांनी थोडे वाईटच निघाले (२०१५). आपल्या देशातली ‘अटेंड’ चाचणी तर पाठ कर: १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन. २०१७ चा निकाल असा की, सहा महिन्यांनी तसं शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत ४७ टक्के रुग्ण दगावलेले किंवा परावलंबी. अनेकांनी त्यावरून ‘घरच्यांना शिकवून उपयोग नाही’ असं म्हणून टाकलं. मी तसं मानत नाही. घरी प्रत्यक्ष किती आणि कसला सराव झाला, तो रुग्णाच्या कामाला जुळणारा होता का, हे पुन्हा मोजायला पाहिजे असं मला वाटतं. म्हणून तर तुला वही घेऊन बसायला सांगतेय.

भाषेचं थोडक्यात. ‘कन्नड किंवा इंग्रजी समजणारे रुग्ण’ अशी अट तू घातलीयस, ती काढ. खानापूर तालुक्यातले अर्धे रुग्ण त्या एका ओळीने बाहेर जातील. नुसतं मराठी संमतिपत्र छापूनही भागणार नाही. घरात मराठी बोलणारी, पण शाळा कन्नडमधून झालेली कितीतरी मुलं आपल्या आईबापांचे कागद वाचतात. दोन्ही लिप्यांत छाप आणि मोठ्याने वाचून दाखव. वाचा गेलेल्या रुग्णांनाही सरसकट वगळू नकोस. खुणा आणि चित्रं वापरून बरंच विचारता येतं. आणि रुग्ण घरात, शेतात, बाजारात कुठली भाषा बोलायचा ते नोंदवायला एक रकाना ठेव. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या ६०८ रुग्णांत पाहिलं की, लकव्यानंतर बुद्धीची कामं शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के होतं आणि एकभाषिकांत १९.६ टक्के (२०१६). वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र तसा फरक दिसला नाही. दोन भाषांत वाढलेल्या आपल्या भागातल्या अभ्यासकाने तो रकाना रिकामा ठेवला तर वाईट वाटेल.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला रुग्ण सापडणं हे सगळ्यात अवघड. एकाचा मुलगा पुण्याला, दुसरा पुढच्या तपासणीला मिरजेला जातो, तिसऱ्याला नातेवाईक गोव्याला नेतात, ऊसतोडीच्या दिवसांत तर घरात फोन उचलायलाच कुणी नसतं. म्हणून प्रत्येकाचे दोन फोन नंबर घे, एक घरातला आणि एक शेजारचा किंवा आशाताईचा. मालीश किंवा गावठी औषध चालू आहे का हेही विचार, पण कपाळाला आठी न घालता, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही.

पहिला रुग्ण घेण्याआधी चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नाव घालावं लागेल. २०१८ च्या एप्रिलपासून तिथे मागाहून नोंदणी घेत नाहीत, तेव्हा नैतिक समितीचं पत्र मिळालं की त्याच आठवड्यात अर्ज भर. गाईडशी मी हवं तर बोलेन. प्रश्नावलीचा पहिला मसुदा तयार झाला की मला पाठव. कन्नड बाजू तपासायला अथणीच्या एका स्पीच थेरपिस्ट मैत्रिणीला सांगून ठेवलंय, ती वेळ काढते म्हणाली आहे.

तुझी,
बाई