किचन ओट्यासाठी काँक्रीटचा टॉप घ्यावा का, आणि डाग पडतात का?
डाग पडतात, सरळ सांगतो. काँक्रीट सच्छिद्र असतं, त्यामुळे सीलर (छिद्रं बंद करणारा लेप) नसेल तर तेल आत मुरतं आणि लिंबू-व्हिनेगर सांडलं की सिमेंटचा वरचा थरच खातं, तो पांढरट चट्टा मग पुसून जात नाही. सीलर टिकलाय का बघायला पाण्याचे चार थेंब टाका, दहा मिनिटांत तिथे काळपट झालं तर परत सील करायची वेळ आली.

वजनाचंही बघा, 4 सेंमी जाडीला एका चौरस मीटरला साधारण 95 किलो, खालची कपाटं तेवढी दणकट हवीत. बारीक केसासारख्या भेगा येतातच (मला त्या आवडतात). पुसायला ब्लीच, ॲसिडवाला क्लीनर नको, साधा सौम्य साबण पुरे. गरम भांडं थेट ठेवू नका, सीलर जातो.