शेजारी कुत्र्याची हेळसांड करतात, भांडण न करता काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की शेजारच्या फ्लॅटमधला लॅब्रॅडॉर सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत गॅलरीत बांधलेला असतो. नवरा-बायको शनिवार-रविवार गावी जातात तेव्हा बादलीभर पाणी आणि परातभर खाणं ठेवून जातात. रात्री तो रडतो, तुमची झोप होत नाही, आणि बोलायला गेलं तर संबंध बिघडतील अशी भीती वाटते.

भीती खरी आहे. माझे बिघडले होते, आणि चूक माझी होती. म्हणून आधी तेच सांगते.

आम्ही नाशकात रो-हाउसमध्ये राहतो. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची. शेजारच्या गच्चीवर रॉकी नावाचा जर्मन शेफर्ड असायचा. दोन हात लांब साखळी, वर ठेंगणी पत्र्याची शेड. मार्च संपत आला की दुपारी बारानंतर त्या पत्र्याखाली उभं राहणं माणसालाही जमत नाही, आणि हा तर दाट केसांचा, थंडीसाठी बनलेला प्राणी. पाण्याचं स्टीलचं पातेलं होतं, पण साखळी अडकून ते अकराच्या आत पालथं व्हायचं. मग संध्याकाळी काका वर येईपर्यंत तसंच.

मी आठवडाभर बघितलं आणि एका दुपारी फोटो काढून आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "याला माणुसकी म्हणायचं का?" पटापट अंगठे आले, रडके चेहरे आले, कोणीतरी "शेम" असंही लिहिलं. मला काय बरं वाटलं सांगू! संध्याकाळी शेजारच्या गच्चीच्या कठड्याला हिरवी शेडनेटची जाळी बांधलेली दिसली. म्हटलं, चला, सावली तरी झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या टाकीच्या शिडीवर चढून डोकावले तर जाळी डोक्यावर नव्हतीच. ती फक्त आमच्या बाजूला उभी होती. ऊन तेवढंच, पत्रा तोच, पातेलं पालथंच. बंद झालं होतं ते फक्त आमचं बघणं.

पुढचे तीन आठवडे काकू समोरून येताना दिसल्या की रस्ता बदलायच्या. कुत्र्याच्या हाती काय लागलं? काहीच नाही. पूर्वी निदान मी पाणी बघू तरी शकत होते.

हा गुंता सोडवला माझ्या सासूबाईंनी, आणि तोही ठरवून नाही. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. कावळे आले की जाळीपलीकडून रॉकी एवढा भुंकायचा की ते टेकायचेच नाहीत. चार दिवसांनी सासूबाई तळलेल्या कुरडयांची ताटली घेऊन शेजारी गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा राखणदार होता म्हणून यंदा एवढ्या उरल्या. नाहीतर दरवर्षी अर्ध्या कावळेच नेतात." माझ्या फोटोबद्दल चकार शब्द नाही. त्या कुत्र्याबद्दल कौतुकाचं कोणी बोललं ते बहुधा कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. काकू रडायलाच लागल्या. "आम्ही कुठे मागितला होता हो तो?"

मग सगळं कळलं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मुलगा घरून काम करत होता, तेव्हा त्याने पिल्लू आणलं. वर्षा-दीड वर्षाने कंपनीने बोलावलं, मुलगा बंगळुरूला गेला, कुत्रा इथेच राहिला. काकांचे दोन्ही गुडघे गेलेले. एकदा फिरवायला नेलं, समोर मांजर आली, याने हिसका दिला आणि काका रस्त्यावर आपटले. तेव्हापासून साखळी. काकूंना लहानपणी कुत्रा चावलेला, त्या भाकरी लांबूनच सरकवायच्या. मी ज्याला निर्दयपणा म्हणत होते तिथे प्रत्यक्षात गुडघे होते, भीती होती आणि लाज होती. माझ्या फोटोने त्या लाजेला जाळी बांधायला लावली.

त्यामुळे तुम्हाला माझा पहिला प्रश्न हाच: हा लॅब्रॅडॉर घरात कोणी आणला, आणि तो माणूस आज त्या घरात आहे का? बायकोला हवा होता आणि नवऱ्याला नको होता, वाढदिवसाची भेट म्हणून आला, आधी घरी आई-वडील होते ते आता गावी गेले, असं काहीतरी निघतं. ते कळलं की कोणाशी बोलायचं ते कळतं. आमच्याकडे ते माणूस बंगळुरूला होतं. काकूंनीच फोन लावून दिला. मी त्याला रागावले नाही, फक्त त्या दिवशीचा गच्चीचा व्हिडिओ पाठवला, ग्रुपवर नाही, एकट्याला. बराच वेळ तो काही बोललाच नाही. आता गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा सकाळी साडेसहाला आणि रात्री जेवणानंतर रॉकीला फिरवतो, आणि त्याचे पैसे महिन्याच्या एक तारखेला बंगळुरूहून येतात.

बाकीचे बदल अगदी फुटकळ होते. पातेल्याऐवजी सिमेंटचं जड पसरट भांडं आणलं, पक्ष्यांसाठी ठेवतात त्यातलंच मोठं. ते काही पालथं होत नाही. दिवसा त्याला खालच्या पार्किंगमध्ये आणलं, तिथे फरशी गार असते. गोचीड इतके होते की कानात द्राक्षांचे घड लटकल्यासारखे. डॉक्टरांना घरी बोलावलं, हिरड्या पांढुरक्या पडलेल्या बघून त्यांनी रक्त तपासायला नेलं आणि गोचीड ताप निघाला. महिनाभर गोळ्या चालल्या. इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपण "त्याला गच्चीवर बांधू नका" म्हटलं की तो टोमणा होतो. तेच वाक्य डॉक्टर म्हणाले की ते औषधाच्या चिठ्ठीसारखं पाळलं जातं. काका आजही पाहुण्यांना सांगतात, "डॉक्टरांनी उन्हात ठेवू नका सांगितलंय." सांगोत बापडे.

आता तुमच्या झोपेचं. ही तक्रार आणि कुत्र्याच्या हालांची तक्रार एकत्र करू नका. "रात्री फार ओरडतो हो तुमचा" एवढंच सांगितलं तर शेजारी आवाज बंद करण्याचा उपाय शोधतील, आणि तो बाजारात स्वस्तात मिळतो: तोंडाला बांधायचा पट्टा. माझ्या मावसबहिणीच्या सोसायटीत हेच झालं होतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांतून. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती तोंड उघडून, जीभ बाहेर काढून, धापा टाकत. ते तोंडच घट्ट बांधलं आणि वर गॅलरीत ऊन असलं तर उष्माघाताने काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून बोलताना उलटी सुरुवात करा: दिवसभर एकटा असतो, त्याला कंटाळा येतो, म्हणून रात्री रडतो. दिवस बदलला की रात्र आपोआप बदलते. अकरा तास एका जागी बांधलेला लॅब्रॅडॉर रात्री शांत झोपेल ही अपेक्षाच चुकीची. शिकारीवर पाण्यातून पक्षी आणून देण्यासाठी पैदास केलेली ही जात, तिला पळायलाच हवं.

भिंतीवरून परस्पर खाऊ घालू नका, विशेषतः तळलेलं, कांदा-लसणाचं, द्राक्षं, मनुका किंवा चॉकलेट. पुढे काही झालं तर नाव तुमचं येईल. आणि त्यांच्या गैरहजेरीत पट्टा सोडून त्याला "वाचवायचं" डोक्यात असेल तर ते काढून टाका. कायद्याने कुत्रा ही त्यांची मालमत्ता आहे, ती उचलली की चोरी होते, आणि घाबरलेला कुत्रा जिन्यातून सुटला तर तो सरळ रस्त्यावरच्या वाहनांत जातो.

कायद्याचं विचाराल तर तो आहे, आणि मजकूर तर असा नेमका की वाटावं तुमच्या शेजाऱ्यांसाठीच लिहिलाय. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा. भरतनाट्यम नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत होत्या, त्यांनी लावून धरल्यामुळे तो आला. त्याचं कलम 11 वाचा. जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं, मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हे गुन्हे आहेतच, पण खास कुत्र्यांसाठी वेगळं पोटकलम आहे: कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा. शिक्षा? पहिल्यांदा 10 ते 50 रुपये दंड. नाशकात 50 रुपयांत धड मिसळ येत नाही. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर 25 ते 100 रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

शिवाय हे हेळसांडीचे गुन्हे अदखलपात्र आहेत. पोलीस ठाण्यात गेलात तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतील, न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. खटलाही गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, तेव्हा गेल्या उन्हाळ्याचे फोटो या दिवाळीत कामाचे नाहीत. तरी एनसीला मी फालतू म्हणणार नाही. पोलीस ठाण्यातून आलेला एक फोन बऱ्याच लोकांना 50 रुपयांपेक्षा जड जातो. आणि मालक दोषी ठरला व कुत्र्याचे पुढेही हालच होतील असं दिसलं, तर त्याची मालकी काढून घेण्याचा अधिकार कलम 29 खाली न्यायालयाला आहे. लेखी अर्ज जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडेही देता येतो, जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तारीख-वेळेसह फोटो, किती तास बांधलेला, पाणी होतं की नाही, एवढी वही ठेवा. ग्रुपवर टाकायला नाही, स्वतःजवळ.

मी स्वतः एकदा हा रस्ता धरला, तेव्हा कुरडया घेऊन गेले नाही. आमच्या मागच्या गल्लीत एकाने बंद शटरच्या गाळ्यात तीन माद्या पिल्लांच्या विक्रीसाठी ठेवल्या होत्या. तिथे काही अडचण बिडचण नव्हती, धंदा होता, आणि 2017 च्या नियमांप्रमाणे अशा पैदासीला नोंदणी लागते. तक्रार केली, पोलीस येऊन गेले, आठवड्यात गाळा रिकामा झाला. माद्या कुठे गेल्या ते कळलं नाही. त्या तक्रारीबद्दल मला अजून धड समाधान वाटत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय नेऊ नका, निदान आधी तरी. तिथे तो "कुत्रा काढा" असाच वळतो. कुत्रा पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही हे एक, आणि दबावाखाली काढलेला कुत्रा बहुधा हायवेच्या कडेला सापडतो. उपाशी मरेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हाही त्याच कलम 11 खालचा गुन्हा. प्रत्येक सोसायटीत एक जण असतोच जो हळूच म्हणतो, "काहीतरी घालून टाका एकदाचं." त्याला सांगा की विष घालून जनावर मारण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तो पुन्हा तो विषय काढणार नाही.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात घाईचं वाटलं ते शनिवार-रविवार. बादली एका शेपटीच्या फटक्यात आडवी होते, आणि मग रविवार रात्रीपर्यंत थेंब नाही. म्हणून पट्टा, फिरणं, ऊन यांचं सगळं नंतर बोला. येत्या शुक्रवारी संध्याकाळी बेल वाजवा आणि म्हणा, "तुम्ही गावी जाताय ना, किल्ली ठेवून जा, आम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी बदलू." यात आरोप नाही, तेव्हा नाही म्हणणं त्यांना अवघड जाईल. भीती वाटत असेल तर ते घरी असताना दोन-तीनदा जाऊन कुत्र्याशी ओळख करून घ्या. किल्ली दिलीच नाही आणि पाणी सांडलेलं दिसलं, तर आधी त्यांना फोन, मग सेक्रेटरीला बोलावून साक्षीला ठेवा, आणि तो लाळ गाळत, लडखडत असेल तर वाट न बघता 112. कुलूप तुम्ही तोडू नका.

आत गेलात की त्याच्या चेहऱ्यावरून काही ठरवू नका. लॅब्रॅडॉर ताटभर जेवून उठला तरी आठ दिवसांचा उपाशी असल्यासारखा बघतो, आमच्या नात्यात आहे एक. बरगड्यांवरून हात फिरवा. हाताला लागल्या पण डोळ्यांना दिसल्या नाहीत तर खाणं ठीक चाललंय, मग बोलायचं ते फक्त पाणी आणि पट्ट्याबद्दल.