वेरूळचं कैलास लेणं एखाद्या लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीने किंवा परग्रहवासीयांनी खोदलं असेल का?

नाही. पण असा दावा करणाऱ्या व्हिडिओंत जे आकडे असतात (४ लाख टन दगड, १८ वर्षं, रोज १२ तास काम धरलं तर तासाला ५ टन) तेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही अधूनमधून येतात आणि भल्याभल्यांना गप्प करतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भागाकारच बघू. ४ लाखांना १८ ने भागा, मग ३६५ ने. रोजचे साधारण ६१ टन होतात. इथवर गणित बरोबर आहे. पण ते तासावर आणून ‘तासाला ५ टन’ म्हटलं की डोळ्यांसमोर छिन्नी-हातोडी घेतलेला एकटा माणूस येतो आणि हे अशक्यच वाटतं. माणसं किती होती, हे व्हिडिओत कुणी विचारतच नाही. पुण्यात ते विचारून झालंय. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी १९८२ मध्ये कैलासवर एक लेख लिहिला. एक माणूस दिवसाला ४ घनफूट दगड फोडतो असं धरलं, तर २५० माणसं हे खोदकाम साडेपाच वर्षांत उरकतील, असा त्यांचा हिशोब. ४ घनफूट बेसाल्ट (वेरूळचा काळा कातळ) म्हणजे ३०० किलोच्या आसपास. २५० माणसांचे दिवसाला ७५ टन. म्हणजे ४ लाख टन हा फुगवलेला आकडा (एरवीचे अंदाज दीड-दोन लाख टनांचे आहेत) जसाच्या तसा मान्य केला, तरी २५० पाथरवट १८ वर्षांच्या आत मोकळे होतात. हे लेणं खोदवणाऱ्या राष्ट्रकूट राजघराण्याला एवढी माणसं जड नव्हती. हे अर्थात नुसत्या खोदकामाचं झालं. कोरीवकाम त्याहून वेळखाऊ, आणि बरंचसं लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं असलं तरी काही भाग नंतरचे आहेत, असं ढवळीकरांनीच मांडलंय.

‘वरून खाली का खोदलं’ यात तर गूढ काहीच नाही. डोंगराला तीन बाजूंनी चर मारायचे, मधला कातळ सुटा करायचा आणि शिखरापासून कोरत उतरायचं. पायाखाली कायम दगड असतो, त्यामुळे परांचीची गरज लागत नाही. फोडलेला दगड कुठे गेला म्हणाल, तर वेरूळला ३४ लेणी आहेत. उरलेल्या ३३ लेण्यांचा दगड कुठे गेला याची चिंता कुणाला पडलेली दिसत नाही.

पुण्यात राहत असाल तर याचा धाकटा नमुना जंगली महाराज रस्त्यावरच आहे. पाताळेश्वर राष्ट्रकूट काळातलंच, आठव्या शतकातलं. तेही जमिनीच्या पातळीखाली खोदत नेलंय आणि काम अर्धवट राहिलंय. अर्धवट लेणं फार कामाचं असतं, कारण ते कसं खोदत होते हे त्यात उघडं पडतं. लोक तिथल्या गोल नंदीमंडपासमोर सेल्फी काढतात आणि निघतात. आत जाऊन भिंती नीट बघा.

शिवाय कैलास काही अचानक उगवलेलं नाही. राष्ट्रकूट आधी बदामीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. त्या चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने कांचीवरच्या विजयाप्रीत्यर्थ कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर बांधलं, ते कैलासच्या जेमतेम एक-दोन पिढ्या आधी. दोन्ही ओळीने पाहिलीत तर नातं सांगावं लागत नाही. आणि विरूपाक्षच्या शिलालेखात सूत्रधाराचं, म्हणजे मुख्य कारागिराचं, नाव आहे: गुंड अनिवारिताचारी. त्याला त्रिभुवनाचारी ही पदवी दिल्याचीही नोंद आहे.

आता परग्रहवाले देतात तो ‘विमानां’चा पुरावा. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेच्या कर्कराजाचा बडोद्याला सापडलेला ताम्रपट इ.स. ८१२ च्या सुमाराचा, म्हणजे लेणं तेव्हा बऱ्यापैकी नवंच होतं. कृष्णराजाने एलापूरला बांधलेलं मंदिर पाहून विमानातून जाणारे देवही थक्क झाले, असं त्यात म्हटलंय. व्हिडिओवाले इथेच टाळी घेतात. पण ताम्रपटात विमानातले लोक प्रेक्षक आहेत. ज्याने मंदिर घडवलं तो शिल्पी पुढच्याच वर्णनात येतो, आणि ‘हे माझ्या हातून झालं तरी कसं’ असं त्याचं त्यालाच नवल वाटतं! रा. गो. भांडारकरांनी एकोणिसाव्या शतकातच हे एलापूर म्हणजे वेरूळ, हे दाखवून दिलं होतं.

‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली दंतकथा मला याहून आवडते. राणी माणिकावतीने नवस बोलला की राजा बरा झाला तर मंदिर बांधीन आणि शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. बाकीचे कारागीर म्हणाले, महिने लागतील. कोकास नावाचा स्थपती म्हणाला, आठवड्यात शिखर दाखवतो, आणि त्याने वरूनच कोरायला घेतलं. कथाच ही, पण तिला खोदण्याची रीत ठाऊक आहे आणि कारागिराचं नावही. अकराव्या ते तेराव्या शतकांतले मध्य भारतातले काही शिलालेख स्थपतींना कोकासाच्या कुळातले म्हणतात. परग्रहवाल्या कथेत मात्र आपल्या पाथरवटांना जागाच नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे.

लुप्त झालेले लोक आणि धर्माची कोडी यांचीच ओढ असेल, तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठचं इनामगाव वाचा. डेक्कन कॉलेजने तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. त्यातही ढवळीकर होतेच. इ.स.पू. १६०० च्या सुमारापासून ७०० पर्यंत तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मेलेली मुलं ते दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घरातच पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडायचे. मेलेला उठून जाऊ नये म्हणून, असा तर्क आहे, तर्कच. एका घराच्या जमिनीखाली मस्तक नसलेली मातीची देवी सापडली, सोबत बैल, आणि काडी घालून देवीला बैलाच्या पाठीवर बसवता यावं अशी दोघांना भोकं. ती कोण, तिला डोकं का नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावच्या वस्तू आहेत. जाण्याआधी फोन करून वेळ तेवढी विचारून घ्या.